मलमलीचा एम्पायर गाऊन घरी कसा शिवावा

फॅन्सी ड्रेससाठी भाड्याने मिळणारा ‘जुना युरोपियन गाऊन’ म्हणजे बहुतेकदा चमकणारं सॅटिन, पाठीला चेन आणि जागा दिसेल तिथे लेस. 1800 ते 1810 च्या सुमारास पॅरिस-लंडनच्या बायका नाचाच्या मेजवान्यांना जे नेसायच्या त्याच्याशी याचा काही संबंध नाही. त्यांची आवड पांढरी सुती मलमल, आणि त्यातली उत्तम बंगालमधून जायची. त्यांचा हा एम्पायर गाऊन शिवायलाही सोपा : कमर छातीच्या लगेच खाली, टक्स नाहीत, फिटिंग सगळं नाडीवर.

44 इंच पन्ह्याची मलमल 4 मीटर घ्या, शिवाय पाठीच्या अस्तराला थोडं पांढरं पॉपलिन. दोन्ही रात्रभर भिजवा. खळ निघते आणि आटायचं ते आधीच आटतं.

अंगासाठी वेगळा पॅटर्न नको, आपला नीट बसणारा साडीचा ब्लाउज पुरे. मात्र एक बदल करायचाच. त्या काळच्या गाऊनची पाठ फार अरुंद असे. खांद्याची आणि बगलेखालची शिलाई आजच्या जागी न ठेवता दीड-दीड इंच मागे न्या. पाठीतून जेवढं कापाल तेवढं पुढच्या भागाला जोडा. पाठ पतंगासारखी निमुळती दिसायला लागते, आणि गाऊन जुना वाटतो तो इथे. पुढून कितीही नटवा, पाठ आजची राहिली तर उपयोग नाही.

पुढचा भाग एकेरी मलमलीचा, छातीच्या पुढच्या मापाच्या दीडपट रुंद कापा (18 इंच असेल तर 27), मुंढे ब्लाउजवरून घ्या. गळा खोल आणि रुंद. पाठ मधोमध उघडी ठेवा. गळ्याला आतून उरेब पट्टी लावून नेफा करा, खालच्या कडेलाही नेफा. दोन्ही नाड्या मागे बांधायच्या. चुण्या आपोआप पुढे गोळा होतात. बाह्या आखूड आणि फुगीर, त्यांच्या चुण्या खांद्याच्या मागच्या बाजूला जास्त ठेवा.

घेराला दोन पन्हे. पुढचा वर 20 इंच ठेवून बाजूंनी खालपर्यंत तिरका कापा म्हणजे समोर सपाट पडेल. मागचा अख्खा पन्हा छातीखालच्या उरलेल्या मापात बसवायचा. छातीखाली 32 इंच असेल तर मागे 12 उरतात : दोन्ही कडांना 3-3 इंच सपाट, बाकीचं 38 इंच कापड मधल्या 6 इंचांत. हाताने धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घाला आणि दोन्ही दोरे एकदम ओढा. एकाच ओळीने चुण्या वेड्यावाकड्या बसतात. गाऊन अंगात घालता यावा म्हणून या पन्ह्याला वरून मधोमध 9 इंचांची चीर ठेवून कडा दुमडा. चुण्या तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटून घ्या. मागची लांबी 4-5 इंच जास्त ठेवली तर जमिनीवर छोटा झोल लोळतो. दाटीत जायचं असेल तर तो नकोच.

आतल्या शिलाया खुशाल मशीनवर मारा. तेव्हा शिलाई मशीन नव्हतं, म्हणून दिसणारी दुमड तेवढी हाताने हेमिंग करा.

आतून पांढरी स्लिप आणि परकर हवाच. छातीखाली नुसता बांधलेला परकर घसरतो, त्याला खांद्यांवरून पट्ट्या लावा. त्या काळीही लावत.

सजावटीला खालच्या काठावर पांढऱ्यावर पांढरं चिकनकाम छान दिसतं. चंदेरी बादल्याचे (चपट्या धातूच्या तारेचे) ठिपके भरलेली हिंदुस्थानी मलमलही तिकडे मिरवली जायची, तेव्हा तेही बिनचूक. रंगीत मणी टाळा.

वर कोपराच्या वरपर्यंत पांढरे हातमोजे, सपाट चपला आणि कोयरीच्या काठाची काश्मिरी शाल. नेपोलियनची बायको जोसेफिन या शालींची भारी शौकीन. हातात छोटा बटवा घ्या, कारण इतक्या पातळ कापडाखाली खिसा लपत नाही. जेवायला बसताना हातमोजे काढायचे.