एनआयपीटी: गरोदरपणातील रक्ततपासणी केव्हा करावी, कशी करावी आणि अहवाल कसा वाचावा

गरोदरपणाचे दहा आठवडे पूर्ण झाल्यावर आईच्या हातातून साधारण दहा मिलिलिटर रक्त घेऊन, पोटातील बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रदोष असण्याची शक्यता किती आहे, याचा अंदाज देणारी तपासणी म्हणजे एनआयपीटी (नॉन-इन्व्हेसिव्ह प्रीनेटल टेस्टिंग). पोटात सुई घालावी लागत नाही आणि गर्भाला धोका नसतो, त्यामुळे पुष्कळ कुटुंबे फारसा विचार न करता तिला होकार देतात. मात्र अहवालावर ‘हाय रिस्क’ असे लिहून आले, की पुढे काय करायचे याचा विचार तेव्हा पहिल्यांदा सुरू होतो. हा विचार रक्त देण्याआधी व्हायला हवा, कारण ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे, आणि तिच्यापासून निदानापर्यंत पोहोचायला काही आठवडे लागतात.

ही तपासणी नेमके काय पाहते, ते आधी समजून घ्यावे. गरोदर स्त्रीच्या रक्तात तिच्या स्वतःच्या पेशींमधून सुटलेले डीएनएचे असंख्य सूक्ष्म तुकडे असतात आणि त्यांत काही तुकडे वारेतून (प्लासेंटामधून) आलेले असतात. शास्त्रज्ञ डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे दाखवून दिले. प्रयोगशाळेत हे सगळे तुकडे वाचून प्रत्येक गुणसूत्राच्या वाट्याला किती आले, याची मोजणी होते. एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त भरले, तर डाऊन सिंड्रोमची शंका घेतली जाते. अठराव्या आणि तेराव्या गुणसूत्रांचीही अशीच मोजणी होते. येथे एक गोष्ट विसरू नये: हे तुकडे प्रत्यक्ष बाळाचे नसून वारेचे असतात. बहुतेक वेळा दोन्हींची गुणसूत्रे सारखीच असतात, पण क्वचित दोष केवळ वारेपुरता असतो आणि बाळ निर्दोष असते. ‘हाय रिस्क’ अहवाल चुकीचा ठरण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

रक्त देण्यापूर्वी सोनोग्राफी करून घ्यावी. शेवटच्या पाळीच्या तारखेवरून काढलेले आठवडे अनेकदा चुकतात, आणि नववा आठवडा चालू असताना घेतलेल्या नमुन्यात वारेचा डीएनए पुरेसा नसण्याची शक्यता वाढते. जुळे आहे का, किंवा जुळ्यांपैकी एका गर्भाची वाढ सुरुवातीलाच थांबली आहे का, हेही सोनोग्राफीतच कळते; थांबलेल्या गर्भाचा डीएनए काही काळ आईच्या रक्तात राहतो आणि निकाल बिघडवू शकतो. गर्भधारणा दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातून झाली असेल, आईला अलीकडे रक्त चढवले असेल, तिच्यावर अवयव प्रत्यारोपण झाले असेल, कर्करोगाचा इतिहास असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने चालू असतील, तर त्याची नोंद मागणीपत्रावर झालीच पाहिजे. हे मागणीपत्र बहुतेक ठिकाणी घाईत भरले जाते. सही करण्याआधी त्यावरील आठवडे, वजन आणि गर्भांची संख्या स्वतः वाचून पाहावी.

रक्त देताना उपाशी राहण्याची गरज नसते. नमुना डीएनए टिकवणारे द्रव्य असलेल्या खास नळीत घेतात, आणि घेतल्याबरोबर ती नळी हलकेच अनेकदा उलटसुलट करतात. नमुना गोठू द्यायचा नसतो. अहवाल यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

अहवाल हातात आल्यावर सर्वांची नजर आधी ‘लो रिस्क’ किंवा ‘हाय रिस्क’ या शब्दांकडे जाते. त्याआधी ‘फीटल फ्रॅक्शन’ ही ओळ वाचावी. रक्तातील मुक्त डीएनएपैकी वारेचा वाटा किती, हे ती सांगते; दहा ते वीस आठवड्यांच्या काळात तो सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि चार टक्क्यांच्या खाली गेल्यास अनेक प्रयोगशाळा निकाल देत नाहीत. आईचे वजन जास्त असल्यास हा वाटा कमी भरतो. निकाल न येणे म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे. अशा वेळी पुन्हा नमुना द्यायचा की थेट गर्भजल तपासणी करायची, हे सोनोग्राफी पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

‘हाय रिस्क’चा अर्थ कळण्यासाठी थोडे गणित करावे लागते, आणि ते प्रत्येक जोडप्याने शांतपणे करावे. डाऊन सिंड्रोमसाठी ही चाचणी शंभरातील सुमारे नव्याण्णव बाधित गर्भ हेरते, आणि निर्दोष गर्भांपैकी हजारी एकाला चुकून बाधित ठरवते, असे धरू. समजा, एखाद्या तरुण वयोगटात हजार गर्भांमागे एक बाधित असतो. तेथे १०,००० स्त्रियांची तपासणी केली, तर दहा बाधित गर्भ जवळजवळ सगळे सापडतील, पण उरलेल्या ९,९९० पैकीही दहांना चुकून ‘हाय रिस्क’ मिळेल. म्हणजे वीस जणींच्या हाती सारखाच अहवाल येईल आणि त्यांतील निम्म्या जणींचे बाळ निर्दोष असेल. चाळिशीतील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात एक धरले, तर १०९ ‘हाय रिस्क’ अहवालांपैकी ९९ खरे ठरतील. चाचणी तीच, अचूकताही तीच, पण पंचविशीतील स्त्रीसाठी तिचा अर्थ वेगळा निघतो. तेराव्या गुणसूत्राचा दोष याहून दुर्मीळ असल्याने तेथे चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण आणखी वाढते. म्हणून केवळ एनआयपीटीच्या आधारे गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये.

खात्री करायची, तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून त्यातील पेशींची तपासणी करतात. त्याआधी, अकरा ते तेरा आठवड्यांत, वारेचा तुकडाही घेता येतो, पण दोष वारेपुरताच असू शकत असल्याने अनेक तज्ज्ञ गर्भजलाला पसंती देतात. गर्भजल काढताना गर्भपाताचा धोका असतो, मात्र अनुभवी हातांत तो अर्ध्या टक्क्याहून कमी राहतो. प्राथमिक निकाल दोन-तीन दिवसांत मिळू शकतो. गुणसूत्रांच्या संपूर्ण तपासणीला दोन ते तीन आठवडे लागतात.

आता हे वेळापत्रक कायद्याशेजारी ठेवून पाहावे. भारतातील गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, आणि गर्भात गंभीर दोष असल्यास चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जाते. दहाव्या-अकराव्या आठवड्यात रक्त दिले, तर एकोणिसाव्या आठवड्यापर्यंत सर्व अहवाल हाती असतात आणि कुटुंबाला विचार करायला उसंत मिळते. अठराव्या आठवड्यात रक्त दिले, तर तोच प्रवास बावीस-तेवीस आठवड्यांवर जाऊन थांबतो.

एनआयपीटी झाली म्हणून अकरा ते तेरा आठवड्यांतील एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागील द्रवथराची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि अठरा ते वीस आठवड्यांतील अ‍ॅनोमली स्कॅन टाळू नयेत. हृदयाची रचना, मणका, पोटाची भिंत यांतील दोष रक्तातून कळत नाहीत. एनटी साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आढळल्यास एनआयपीटीत वेळ न घालवता थेट गर्भजल किंवा वारेच्या तपासणीबद्दल विचारावे. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजारही नेहमीच्या एनआयपीटीत दिसत नाहीत, आणि सिकलसेल जास्त आढळणाऱ्या नंदुरबारमधील, तसेच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांतील कुटुंबांना हे मुद्दाम सांगायला हवे. त्यासाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी असते. पती-पत्नी दोघेही वाहक निघाल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. माझ्या मते ही स्वस्त तपासणी एनआयपीटीच्याही आधी, शक्यतो गर्भधारणेपूर्वीच, व्हावी.

भारतातील अहवालात बाळाचे लिंग दिलेले नसते. परदेशात राहणाऱ्या नणंदेला किंवा बहिणीला ते याच चाचणीतून कळलेले असते, त्यामुळे घरात विचारणा होते. पण गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने ते शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा त्याआधी, १९८८ मध्येच केला होता. कोणी पैसे घेऊन लिंग कळवण्याचे सुचवत असेल, तर त्या ठिकाणी तपासणी करू नये.

गर्भजल तपासणीत दोष पक्का झाला, तर जनुकीय समुपदेशकांकडे पती-पत्नी दोघांनी मिळून जावे, आणि त्या भेटीत पहिले बोलणे गरोदर स्त्रीचे असू द्यावे. सासरची किंवा माहेरची वडीलधारी मंडळी नंतर भेटू शकतात. गरोदरपण पुढे चालू ठेवायचे ठरल्यास गर्भाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी करून घ्यावी, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयदोष असतो, आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात प्रसूतीसाठी आधीच नाव नोंदवून ठेवावे.