कोलॉसल केव्ह : कागद-पेन्सिल घेऊन गुहेत उतरताना

विल क्राउदर स्वतः गुहा धुंडाळणारा. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांवरून 1976च्या सुमारास त्याने 'कोलॉसल केव्ह' हा संगणकावरचा खेळ फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला. 1977 साली स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो वाढवला आणि 350 गुणांची आवृत्ती तयार झाली. चित्र एकही नाही. वाचायचं, दोन शब्द टाइप करायचे, परत वाचायचं. आजही तो तसाच खेळता येतो, आणि तसाच खेळावा.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर 'बीएसडीगेम्स' हे पॅकेज टाका. टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत 'अ‍ॅडव्हेंचर' टाइप करा. सूचना हव्यात का, असं विचारलं की 'यस' म्हणा. थोडे गुण जातात, पण कंदील 330ऐवजी 1000 चाली जळतो. पहिल्या खेपेला हा सौदा फायद्याचाच.

खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघतो. 'नॉर्थईस्ट' पूर्ण लिहिलंत तर तो 'नॉर्थ' समजतो आणि तुम्ही भलतीकडेच जाता. म्हणून 'एनई' लिहा. थांबताना 'सस्पेंड' म्हणून डाव फाइलमध्ये ठेवा.

विटांच्या घरातून किल्ल्या, कंदील, खाणं आणि बाटली उचला. बाहेर येऊन तीनदा दक्षिणेला गेलात की लोखंडी जाळी लागते. 'अनलॉक ग्रेट', मग खाली. अंधार दिसला की आधी 'ऑन', मगच पुढचं पाऊल. काळोखात चाललात तर खड्ड्यात पडून मरू शकता. उजेडात आल्यावर लगेच 'ऑफ', कारण पेटलेल्या प्रत्येक चालीला बॅटरी उतरते.

पश्चिमेला पिंजरा मिळतो, पुढच्या खोलीत काळी काठी. त्याच खोलीच्या भिंतीवर 'एक्स-वाय-झेड-झेड-वाय' हा मंत्र आहे; तो घरापर्यंतची अख्खी वाट वाचवतो. त्यापुढचा पक्षी बहुतेकांच्या हाती लागत नाही. तो काठीला घाबरतो. काठी खाली टाका, पक्षी पिंजऱ्यात घ्या, मग काठी परत उचला, ती पुढे लागते. मोठा साप अडवेल तेव्हा हा पक्षी सोडा. सोन्याचा गोळा घेऊन दगडी पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून सापापलीकडची वाट मोकळी करणं भाग आहे. पलीकडे 'वाय टू' लिहिलेल्या खोलीत कान उघडे ठेवा.

गुहेत भेटणारा बुटका कुऱ्हाड फेकून पळाला की ती उचला आणि कधीच मागे ठेवू नका.

आता चक्रव्यूह. सगळ्या खोल्यांचं वर्णन एकसारखं, आणि उत्तरेला जाऊन दक्षिणेला वळलात तरी पहिली खोली मिळेलच असं नाही. चौकटीच्या कागदावर इथे नकाशा बसत नाही, तक्ता करा. प्रत्येक खोलीला एक ओळ, आठ दिशा आणि वर-खाली मिळून दहा रकाने. खोलीत शिरलात की एक वस्तू टाका : किल्ल्या, बाटली, खाणं, पिंजरा, काठी. पुन्हा किल्ल्या दिसल्या तर ती 'किल्ल्यांची खोली', रकान्यात तसं लिहा. एका वेळी सातच वस्तू पेलतात, त्यामुळे दहाही रकाने भरलेल्या खोलीतली खूण उचलून पुढे न्या. खजिना मात्र खुणेसाठी वापरू नका. चाचा (समुद्री लुटारू) येतो आणि घेऊन जातो.