लाकडी सांगाड्याचा जुना पब कसा बघावा

पाहुणे आले की मी त्यांना मँचेस्टरच्या 'ओल्ड वेलिंग्टन' पबमध्ये नेते. सगळे काळ्या-पांढऱ्या भिंतींसमोर फोटो काढतात आणि विचारतात, "खरंच जुना आहे का?" मी इमारतींचे सांगाडे तपासणारी इंजिनीअर, म्हणून उत्तर न देता त्यांनाच बघायला लावते.

रंग विसरा. ओकच्या तुळया काळ्या रंगवायची हौस बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी पुष्कळ घरांचं लाकूड उघडंच राहून राखाडी पडायचं. शिवाय दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रुअरीवाल्यांनी याच थाटाचे पब भरपूर बांधले. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी विटांच्या भिंतीवर नुसत्या फळ्या ठोकलेल्या असतात.

मग सांधे बघा. खरी खूण तिथेच सापडते. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली ओकची खुंटी. दोन्हींची भोकं मुद्दाम किंचित सरकवून पाडत, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आवळला जाई. मोबाइलचा टॉर्च लाकडाला चिकटवून तिरपा धरा. नशीब असेल तर सांध्यापाशी रोमन आकड्यांसारखे ओरखडे दिसतील. सुतार सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवत, तुकड्यांवर खुणा करत आणि मग जागेवर नेऊन उभा करत. चार बऱ्याचदा चार उभ्या रेघांनीच लिहिलेला असतो.

वाकडेपणाला घाबरू नका. ओक ओला असतानाच कापायचे. सुकताना तो पिळवटतो. सगळं ओळंब्यात असेल तर मला उलट शंका येते. खांबांमधली भरणी जुनी असेल, तर ती आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंतीसारखीच: काठ्यांचं विणकाम, वर माती, गवत, शेण. तिच्यावर कुणी सिमेंट थापलं असेल तर वाईट. ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतं. तिथे चुनाच हवा.

आता ओल्ड वेलिंग्टनची गोष्ट. बांधकाम १५५२चं, पब मात्र १८३०पासून. १९७०च्या दशकात आसपासच्या नव्या बांधकामासाठी अख्खी इमारत सुमारे दीड मीटर वर उचलली. मँचेस्टरमध्ये झालेल्या १९९६च्या बॉम्बस्फोटानंतर ती सुटी करून कॅथीड्रलजवळ, साधारण ३०० मीटरवर, पुन्हा उभारली. १९९९मध्ये दारं उघडली. "मग जुना कसला?" असं पाहुणे म्हणतातच. माझं मत: खुंट्यांवर उभा सांगाडा सुटा होऊ शकतो, हा त्याच्या घडणीचाच गुण. गेली ती मूळ जागा, आणि ते नुकसान मी लहान मानत नाही.

दर्जा बघायचा तर 'हिस्टॉरिक इंग्लंड' या वारसा जपणाऱ्या संस्थेची जुन्या वास्तूंची यादी मोफत आहे. वरून खाली ग्रेड वन, टू-स्टार आणि टू अशा तीन पायऱ्या, वेलिंग्टन टू. यादीतल्या वास्तूच्या रूपाला धक्का लावणारा बदल परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि 'नकली' म्हणून नाक मुरडू नका: बर्मिंगहॅममधल्या नॉर्थफील्डचा 'ब्लॅक हॉर्स' पब १९२९चा, तरी टू-स्टार.

सकाळी उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते. आधी काहीतरी मागवा, लेमोनेडही चालतं. वरच्या मजल्यावर जायचं तर विचारून जा. एवढ्यानं भूक भागली नाही तर लडलो गावातलं 'फेदर्स' हॉटेल गाठा. १६१९चं, ग्रेड वन, आणि दर्शनी भागावरचं कोरीवकाम बघता बघता मान दुखते.