गाडी सुरू होईना? आधी स्क्रूला हात लावू नका

पुण्यात दुचाकी नसेल तर माणूस अडतोच, त्यामुळे सकाळी ती सुरू झाली नाही की हातात पहिला येतो तो स्क्रू ड्रायव्हर. इथेच घोळ होतो. स्लोचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरावं ते ठरवणारा, स्क्रू पिळून रेस (इंजिनचा वेग) वाढवली की गाडी त्या दिवशी चालते, पण मूळ दुखणं झाकलं जातं. स्लो सेट करायचा तो गाडी आठ-दहा मिनिटं चालवून इंजिन गरम झाल्यावर. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच बाइकचा १४०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास.

सेल्फ (बटण स्टार्ट) मारण्याआधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड आणि पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बघा. हसू नका, गॅरेजला ढकलत नेलेल्या कितीतरी गाड्या तिथे नुसता किल स्विच दाबून सुरू होतात. सेल्फ पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, बॅटरी बसते.

डिसेंबरच्या थंडीत कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग असलेल्या) गाडीला चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, लागतो, पण घरून निघून स्वारगेट आलं तरी तो तसाच ओढलेला, हे नेहमीचं. अशा गाडीचा प्लग (इंजिनमध्ये ठिणगी पाडणारा) काढून बघा. कोरडी काळी काजळी असेल तर चोक किंवा तुंबलेला एअर फिल्टर. पेट्रोलने ओला असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय: चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सात-आठ किका. तेलकट असेल तर इंजिनच्या आतली रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, ते घरचं काम नाही. बिस्किटाचा रंग असेल तर प्लग ठीक आहे, त्याला दोष देऊ नका. बसवताना तो आधी हाताने फिरवा, पाना शेवटी. इंजिनच्या हेडचे आटे ॲल्युमिनियमचे, वाकडा गेला की गेले.

सिंहगडावरून भिजून आल्यावर गाडी मिसिंग मारत (मध्येच अडखळत) असेल, तर प्लगच्या खळग्यात पाणी साचलंय का पाहा. कापडाने टिपून प्लगवरची कॅप आतून कोरडी करा.

२०२० नंतरच्या बीएस-सिक्स (प्रदूषणाचा नवा नियम पाळणाऱ्या) गाड्यांत बहुतेक कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल पंपाने फवारलं जातं. चावी फिरवून पंपाची गुणगुण थांबू द्या, मगच सेल्फ. इंजिनचा दिवा जळतच राहिला तर स्कॅनर लावणारं गॅरेज गाठा.

आणखी दोन गोष्टी सहसा कुणी बघत नाही. हँडल डावी-उजवीकडे वळवलं की रेस बदलते? ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेलीय. थोडं अंतर चालून गाडी बंद पडते, टाकीचं झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज येतो आणि मग लगेच सुरू होते? झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय.