लोपचिन्ह कुठे द्यावे आणि कुठे टाळावे

लोपचिन्ह म्हणजे ओळीत सलग दिलेली तीन टिंबे. मजकुरातला काही भाग गाळला आहे किंवा बोलणाऱ्याचे वाक्य अर्धवट राहिले आहे, एवढेच सांगणे हे त्याचे काम. पूर्णविरामाऐवजी किंवा साध्या वाक्याला भावनेचा रंग चढवण्यासाठी ते नाही. तरीही रोजच्या निरोपांत, अर्जांत आणि सूचनाफलकांवर बहुधा याच कामांसाठी ते वापरलेले दिसते.

मराठीत ही सवय विशेष घातक ठरते, कारण आपल्या वाक्याचा निकाल शेवटच्या क्रियापदात लागतो. होकार की नकार, विनंती की आज्ञा, झालेले की व्हायचे, हे सारे अखेरच्या एक-दोन शब्दांत असते. सोलापुरी चादर विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘पहिल्या धुण्याला चादर गरम पाण्यात भिजवू…’ असा निरोप पाठवला, तर पुढे ‘नका’ आहे की ‘शकता’, हे कळायला मार्ग नाही. म्हणून ज्यावर कुणी काही कृती करणार आहे, असे वाक्य कधीही टिंबांवर सोडू नये.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे सोसायटीतली पाण्याची सूचना लोक बारकाईने वाचतात. ‘उद्या पाणी येणार… टाक्या भरून ठेवा… मोटार नळाला लावू नये…’ या सूचनेत काही गाळलेले नाही. फक्त तीन पूर्णविरामांची जागा टिंबांनी घेतली आहे आणि वेळ सांगायची राहून गेली आहे. तीच सूचना अशी लिहावी: ‘उद्या सकाळी सहा वाजता पाणी येईल. टाक्या भरून ठेवाव्यात. मोटार थेट नळाला लावू नये.’ टिंबे काढली की राहून गेलेली माहिती लगेच डोळ्यांत भरते, असा माझा अनुभव आहे.

लोपचिन्हाचा खरा आणि आवश्यक उपयोग अवतरणात होतो. समजा, हुतात्मा दिनाच्या भाषणासाठी एखाद्या विद्यार्थ्याला पुढील वाक्य उद्धृत करायचे आहे: ‘सोलापूरच्या मार्शल लॉ प्रकरणातील मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.’ यातील स्थळ आणि तारीख गाळून ‘…जगन्नाथ शिंदे यांना… फाशी देण्यात आली’ असे लिहिले, तर तारखेपुरती काटछाट चालेल, पण आधीची तीन नावे गेल्याने चौघांचे बलिदान एकाचे होऊन बसते. गाळलेला भाग परत घालून वाचावा. अर्थ बदलत असेल, तर तो भाग गाळण्याचा आपल्याला अधिकार नाही.

संवाद लिहिताना मात्र या चिन्हाला मोकळीक आहे. विचारमालिका मध्येच तुटली, तर अपसारणचिन्ह, म्हणजे आडवी रेघ (—), द्यावे, असे शालेय व्याकरणात शिकवतात. माझ्या मते दुसऱ्याने मध्येच तोडलेल्या बोलण्याला ते चिन्ह शोभते, आणि बोलणारा स्वतःच अडखळून थांबला असेल, तर टिंबे: ‘आई, मी गड्ड्याच्या यात्रेला गेलो होतो, पण…’

‘चादरी, टॉवेल इत्यादी…’ असे लिहू नये. ‘इत्यादी’ आणि टिंबे एकच गोष्ट सांगतात, त्यांतले एक पुरे. मोठ्यांना पाठवलेले ‘बरं काका…’ हे उत्तर नाराजीचे वाटू शकते, तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ यापुढे टिंबांची रांग लावल्याने दुःख अधिक व्यक्त होत नाही. दोन्ही ठिकाणी पूर्णविराम द्यावा.

टिंबे तीनच द्यावीत, ती आधीच्या शब्दाला चिकटवावीत आणि नंतर एक जागा सोडावी. प्रश्न अर्धवट राहिला असेल, तर प्रश्नचिन्ह टिंबांनंतर येते: ‘तुम्ही येणार होतात ना…?’ बऱ्याच मोबाइलच्या कळफलकांवर पूर्णविरामाची कळ दाबून धरली की तिन्ही टिंबांचे एकसंध चिन्ह मिळते. ते वापरल्यास ओळ संपताना एक टिंब इकडे आणि दोन तिकडे असे होत नाही. छापील अर्जात नाव किंवा पत्ता भरण्यासाठी जी लांब टिंबरेषा असते, ती लोपचिन्ह नव्हे, त्यामुळे तिला तिनाचा नियम लागू होत नाही.