जुने टिकी मग जमवताना

टिकी मग, म्हणजे कोरीव देवमूर्तीच्या आकाराचा, मद्यमिश्रित पेये देण्यासाठीचा सिरॅमिकचा मग, हे प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांवरून आलेले पारंपरिक भांडे नव्हे, तर हॉलिवूडचे ‘डॉन द बीचकोंबर’ आणि ओकलंडचे ‘ट्रेडर व्हिक्स’ अशा 1930 च्या दशकात रुजलेल्या उपाहारगृहांभोवती वाढलेल्या अमेरिकी कल्पनेचे अपत्य आहे. हे ध्यानात ठेवले, म्हणजे त्यावरील माओरी, हवाईयन आणि ईस्टर बेटाच्या मुद्रांची सरमिसळ पाहून गोंधळ होत नाही.

खरेदीपूर्वी मग उलटा करून तळ पाहावा. ओटागिरी कंपनीने जपानहून अमेरिकेत आणलेल्या अनेक मगांवर केवळ कागदी लेबल असे आणि ते धुण्यात निघून गेल्याने आज असे मग निनावी वाटतात. ‘ऑर्किड्स ऑफ हवाई’च्या मगांच्या तळाशी मात्र बहुधा ‘आर’ अक्षर व क्रमांक आढळतो. नावात हवाई असले तरी ही कंपनी न्यूयॉर्कची होती! बंद पडलेल्या एखाद्या उपाहारगृहाचे नाव मगावर असल्यास, माझ्या मते, थोडी जास्त किंमत मोजण्यास हरकत नाही.

त्यानंतर काठावरून बोट फिरवून टवके शोधावेत आणि मग हलकेच वाजवून पाहावा, कारण तडा गेलेल्या भांड्याचा आवाज बद्द येतो. झिलईवरील बारीक जाळी वयामुळेही येते. तेवढ्यावरून मग नाकारू नये. जुन्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून चाचणी केल्याशिवाय त्यातून काही पिऊ नये, विशेषतः आंबट पेये.