कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे जुने फोटो: आधी ओळखा, मग निवडा

पहिलं एक सांगते, खोका उघडल्या उघडल्या "हा मस्त, तो मस्त" करत फोटो बाजूला काढायला बसू नका. मी तेच केलं होतं. एका अमेरिकन कॉलेजच्या टीमचे शंभरेक वर्षांचे फोटो भिंतीवर लावायचे होते, मी दोन दिवसांत साठ फोटो निवडून मोकळी झाले, आणि मग कळलं की त्यातल्या निम्म्यांत कोण आहे, कधीचं आहे, समोरची टीम कुठली, काहीच ठाऊक नाही. बघायला छान फोटो होते हो, पण भिंतीसमोर उभा राहिलेला माणूस पहिला प्रश्न "हा कोण?" असाच विचारतो.

तर आधी फोटो वाचायला शिकायचं. मला विचाराल तर यातच खरी मजा आहे आणि वेळही यातच जातो.

फोटो उलटा करून मागची बाजू बघा. शिक्का, पेन्सिलची खूण, पेपरात छापताना आखलेली चौकट, कुणीतरी लिहिलेलं वर्ष, सगळं आधी टिपून घ्या. पण मागचं वर्ष म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. माझ्याकडे एक फोटो होता, मागे ठसठशीत १९६२, आणि पुढं बघते तर रिंगखालची लेन, म्हणजे रिंगपासून फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत आखलेला पट्टा, एवढीशी अरुंद. कॉलेज बास्केटबॉलमध्ये लेन ६ फुटांची १२ फूट झाली ती १९५६-५७ च्या सीझनपासून. त्याआधी अरुंद लेन आणि वर फ्री थ्रोचं गोल वर्तुळ असं मिळून खरंच कुलुपाच्या भोकासारखं दिसायचं, आजही त्या भागाला "की" म्हणतात ते त्यावरूनच. मग १९६२ काय? तर त्या वर्षी कुणीतरी जुन्या निगेटिव्हवरून प्रिंट काढून घेतली होती, एवढंच. अर्थात छोट्या जिममध्ये नियम बदलल्या बदलल्या फ्लोअर रंगवला असेलच असंही नाही, म्हणून एका खुणेवर कधीच थांबू नका, निदान दोन तरी जुळल्या पाहिजेत.

फ्लोअरवर अजून बरंच काही सापडतं. मधली आडवी रेघ दिसत नसेल तर फोटो बहुतेक १९३२ च्या आधीचा, कारण दहा सेकंदांत बॉल मधल्या रेषेपलीकडे न्यायचा नियम तेव्हा आला. थ्री पॉइंट लाइन, जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन पॉइंट मिळतात ती, पुरुषांसाठी देशभर लागू झाली १९८६-८७ मध्ये, बायकांसाठी त्याच्या पुढच्या वर्षी. पण काही कॉन्फरन्सनी, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांनी, १९८० पासूनच प्रयोग म्हणून ती आखली होती, तेव्हा तुमची टीम कुठल्या कॉन्फरन्समध्ये होती ते आधी बघा. आणि फ्लोअरवर दोन-दोन थ्री पॉइंट लाइन दिसल्या तर खूश व्हा! पुरुषांची रेष २००८-०९ मध्ये मागे सरकली, बायकांची सरकली २०११-१२ मध्ये, मधली तीन वर्षं एकाच फ्लोअरवर दोन्ही रेषा असायच्या. २०१९ नंतर पुन्हा दोन वर्षं तीच गंमत झाली.

मग घड्याळ. शॉट क्लॉक म्हणजे बॉल रिंगकडे मारायला टीमला किती सेकंद उरलेत ते दाखवणारं घड्याळ. पुरुषांच्या मॅचमध्ये ते १९८५-८६ ला आलं ते ४५ सेकंदांचं, १९९३-९४ ला ३५ चं झालं, २०१५-१६ पासून ३० चं. म्हणजे क्लॉकवर ४१ दिसतंय तर फोटो बहुतेक ऐंशीच्या दशकाचा शेवट किंवा नव्वदची सुरुवात. बायकांच्या मॅचमध्ये ३० सेकंदांचं क्लॉक याच्या कितीतरी आधीपासून होतं, तिथं हा हिशोब चालवू नका. डंकचंही, म्हणजे उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये दाबण्याचंही, तसंच. १९६७ ते १९७६ कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर चक्क बंदी होती, म्हणजे कुणी "हा आमचा १९७१ चा मॅचमधला डंक" म्हणून फोटो दिला तर हसून ठेवून घ्या आणि वर्ष पुन्हा तपासा.

जर्सीच्या नंबरकडे मी हल्ली आधी बघते. रेफरीला नंबरातला प्रत्येक आकडा एका हाताच्या बोटांनी दाखवता यावा म्हणून कॉलेजमध्ये कितीतरी वर्षं नंबरात फक्त ० ते ५ हेच आकडे चालायचे, ही अट २०२३-२४ पासून सुटली. त्यामुळं ऐंशीच्या दशकातल्या मॅचच्या फोटोत ६८ नंबर दिसला तर काहीतरी घोळ आहे, वर्ष तरी चुकलंय नाहीतर मॅच कॉलेजची नाहीये. त्याहून जुन्या काळात मात्र तसं नव्हतं, जॉर्ज मायकन १९४० च्या दशकात डीपॉल विद्यापीठाकडून ९९ नंबर घालून खेळायचा. आणि निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर जर्सीवरची अक्षरं लगेच चुगली करतात, पण ११ नंबरचा पाठमोरा खेळाडू असेल तर फसायला होतं. तेव्हा मागे स्कोअरबोर्ड, भिंतीवरची पाटी, कुठलंही अक्षर शोधा.

फार जुने फोटो ओळखायला उलट सोपे जातात. १९०० च्या आसपास जिममधल्या उजेडात धावता खेळाडू टिपणं जवळजवळ अशक्यच होतं, म्हणून सगळी टीम बाहेर पायऱ्यांवर नाहीतर स्टुडिओत बसवायचे, कॅप्टनच्या हातात बॉल, आणि बॉलवर पांढऱ्या रंगात सीझनचं वर्ष लिहिलेलं. किती सोय केली बघा त्यांनी आपली. या खेळाचा जन्मच १८९१ चा, स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या टांगून सुरू केलेला, त्यामुळं त्याच्या आधीचा फोटो कुणी आणून दिला तर विषयच संपला. १९३० च्या दशकात फ्लॅशबल्ब रुळले आणि खेळतानाचे फोटो वाढले, त्यात खेळाडू लख्ख आणि मागचे प्रेक्षक काळ्या अंधारात. पुढं छताला मोठे स्ट्रोब, म्हणजे फ्लॅशचे दिवे, लावायला लागले तेव्हा कुठं मागच्या रांगेतले चेहरे दिसायला लागले.

मुलींच्या टीमचे फोटो स्पोर्ट्सच्या खोक्यात सापडले नाहीत म्हणून "नाहीतच" असं ठरवू नका, प्लीज. स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सनने १८९३ मध्येच मुलींची मॅच भरवली होती, स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुली १८९६ मध्ये एकमेकींविरुद्ध खेळल्या होत्या, म्हणजे इतिहास पुरुषांच्या टीमइतकाच जुना आहे. फक्त तो ठेवलाय दुसरीकडे. व्यायामशिक्षण विभागाच्या कपाटात, इयरबुकच्या मागच्या पानांत, हॉस्टेलच्या अल्बममध्ये. १९७२ ते ७४ ओळीनं तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या इमॅक्युलाटा कॉलेजच्या मुली लोकरी ट्यूनिक घालून खेळायच्या, असे फोटो बघून काही लोकांना वाटतं की शाळेचं गॅदरिंग आहे. आणि ते विजेतेपद एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेचं, नव्हतं, एनसीएएने बायकांची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली, त्यामुळं फक्त एनसीएएच्या नोंदी बघत बसलात तर ही सगळी वर्षं हातातून निसटतात.

आता नावं. टीमचा रोस्टर (खेळाडूंची यादी), कॉलेजचा पेपर, मॅचचा बॉक्स स्कोअर (कुणी किती पॉइंट केले त्याचा तक्ता), ही तीन कागदपत्रं समोर ठेवा. नुसत्या नंबरवरून नाव लावू नका कारण २४ नंबर दहा वर्षांत पाच जणांनी घातलेला असतो. मग माजी खेळाडूंकडे जा. तिथं एक पथ्य पाळा, फोटो हातात द्या आणि गप्प बसा. "हा अमुकच ना?" असं विचारलंत की समोरचा हो म्हणून टाकतो, भिडेखातर म्हणा नाहीतर खरंच तसं वाटायला लागतं म्हणून म्हणा. दोघांना वेगवेगळं विचारा. ते दोघं भांडतील, भांडू द्या, त्या भांडणात तिसरंच काहीतरी बाहेर येतं, मला एकदा अशा वादातून टीमच्या मॅनेजरचं नाव मिळालं जे कुठल्याच कागदावर नव्हतं.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. प्रिंट ६०० डीपीआयला, छोटी असेल तर जास्त, ३५ मिमीची निगेटिव्ह ३००० च्या पुढं, टिफमध्ये सेव्ह करा आणि मागची बाजूही स्कॅन करा, ती विसरूच नका. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा धागा मागून हळूहळू फिरवा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिल, बॉलपेन नाही. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास आला तर ती खराब व्हायला लागलीये, बाकीच्यांपासून वेगळी ठेवून आधी तीच स्कॅन करा. १९५० च्या आसपासपर्यंत नायट्रेटची फिल्म मिळायची, ती भयंकर पेट घेते, तशी शंका आली तर स्वतः उद्योग न करता आर्काइव्हच्या माणसाला बोलवा. आणि ते चेहरे "शार्प" करून देणारे ॲप आहेत ना, त्यांना हात लावू नका. ते धूसर चेहरा साफ करत नाहीत, नवा चेहरा बनवून देतात, आणि मग त्या खेळाडूची बहीण म्हणते की हा आमचा दादा नाहीच.

हे सगळं झालं की निवड. इथं लोक करतात ती मोठी चूक म्हणजे सगळे फोटो बॉल रिंगमध्ये जातानाचे घेतात. पंधरा जंप शॉट ओळीनं लावले तर सोळावा कुणी बघत नाही. उंचच उंच विल्ट चेंबरलेन कॅन्सस विद्यापीठाकडून खेळत असतानाचा, फोटोग्राफर रिच क्लार्क्सनने काढलेला फोटो बघा, तो नुसता खुर्चीवर बसून बुटाची लेस बांधतोय, पण खुर्चीत न मावणारे ते पाय बघून समोरच्या टीमचं काय होत असेल ते कळतं. १९८३ ची फायनल नॉर्थ कॅरोलिना स्टेटने ह्यूस्टनला ५४-५२ हरवून जिंकली, शेवटच्या क्षणी लोरेंझो चार्ल्सचा डंक, पण लोकांच्या डोळ्यासमोर राहिलाय तो कोच जिम वॉल्वानो, मिठी मारायला माणूस शोधत फ्लोअरभर पळणारा. १९९२ मध्ये ड्यूकच्या क्रिश्चन लेटनरने शेवटच्या २.१ सेकंदांत केंटकीविरुद्ध मारलेला विजयी शॉट प्रसिद्ध आहेच, तरी मला त्याच्याच टीमचा थॉमस हिल आठवतो, डोक्यावर हात ठेवून रडवेला झालेला. म्हणून कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकत्र छापलेला कागद, हातात आला की शॉटनंतरच्या दोन-तीन फ्रेम जरूर बघा, आणि बेंचकडं कॅमेरा वळलेल्या सगळ्या.

काही वेळा तर मॅच सुरू व्हायच्या आधीच फोटो होऊन जातो. १५ मार्च १९६३, ईस्ट लान्सिंग, मिशिगन. शिकागोच्या लोयोलाच्या टीममध्ये स्टार्टिंग पाचांत चार कृष्णवर्णीय खेळाडू, समोर मिसिसिपी स्टेटची पूर्ण गोरी टीम, जिला असल्या मिश्र टीमशी खेळायची त्यांच्या राज्यात अलिखित बंदी होती आणि कोर्टाच्या आदेशाने अडवायच्या आत ती मंडळी गुपचूप राज्याबाहेर पडून आली होती. दोन्ही कॅप्टन, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड, मध्ये येऊन हात मिळवतात आणि फ्लॅश लखलखतात. लोयोलाने मॅच ६१-५१ अशी जिंकली, पुढं विजेतेपदही घेतलं, पण लक्षात राहिला तो हात मिळवतानाचा फोटो. आता याच फोटोखाली "१९६३ स्पर्धेतील एक क्षण" असं लिहिलं तर? मातीमोल. तारीख, ठिकाण, डावीकडून उजवीकडे नावं, आणि हा हात मिळवणं का सोपं नव्हतं ते सांगणारं एक वाक्य, एवढं कॅप्शनमध्ये हवंच. "ऐतिहासिक", "अविस्मरणीय", "सुवर्णक्षण" हे शब्द मी सरळ खोडते. फोटोत जे दिसतंच आहे तेही परत लिहू नका, दिसत नाही ते लिहा.

हरलेल्या मॅचचे फोटो घ्याच. हरलेल्या ड्रेसिंग रूमचा एक फोटो दहा ट्रॉफ्यांच्या फोटोंना भारी पडतो, फक्त त्यात असलेला माणूस हयात असेल तर आधी त्याला विचारा. जिंकल्यावर रिंगचं नेट आठवण म्हणून कापतात, त्याचे फोटो मात्र एक-दोनच ठेवा, एव्हरेट केसने १९४७ मध्ये ही पद्धत रुजवली तेव्हापासून प्रत्येक टीमकडे शिडीवर चढून कात्री धरलेला माणूस आहे, आणि कितीही जीव गुंतला तरी बघणाऱ्याला ते सगळे सारखेच दिसतात. त्यापेक्षा बस, मॅनेजर, बँडवाले, रिकामी जिम घ्या. एकाच कोपऱ्यातून पन्नास वर्षांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो सापडले तर शेजारीशेजारी लावा, खाली काही लिहायचीही गरज नाही.

लावायच्या आधी हक्कांचं बघा. फोटो तुमच्या खोक्यात आहे म्हणजे तुमचा झाला असं नसतं, हक्क साधारणपणे फोटोग्राफरचा किंवा त्याच्या पेपरचा असतो. अमेरिकेत ९५ वर्षांहून आधी प्रसिद्ध झालेले फोटो मोकळे असतात, त्यानंतरच्यांसाठी विचारून घ्या, आणि फोटोग्राफरचं नाव खाली द्याच.

शेवटी काही फोटो उरतातच ज्यांचा काही केल्या पत्ता लागत नाही. ते फेकू नका, लपवूही नका. माजी खेळाडूंच्या मेळाव्याच्या दिवशी चहाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा, प्रत्येकाखाली कोरी चिठ्ठी आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. दोरा जरा लांब ठेवा, कारण सत्तरीतली माणसं आधी चष्मा काढतात, मग मागं सरकतात, मग लिहितात.